पाचूबंदरची प्यादेमात

पाचूबंदर, वसई
२६ जून १९८३

श्री. हिलरी यांस,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायचं असतं, असं मी चौथीच्या मुलांना शिकवते. तुम्हाला लिहिताना तो शब्द काही हाताला येईना, तेव्हा नुसताच नमस्कार.

मी इझाबेल. पाचूबंदरचे होडीवाले तांडेल, ॲन्सेल्म घोन्सालविस, त्यांची मुलगी. एवढी ओळख पुरावी. ज्या ओट्यावर बसून तुम्ही कॉलेजच्या दिवसांत दर पावसाळ्यात आमचा चहा प्यायलात आणि बाबांकडून बुद्धिबळातली चढाई शिकलात, तो ओटा अजून आहे. फरशी तेवढी नवी बसवली.

तुमचं 'चढाई आणि चूक' हे सदर आमच्या घरी न चुकता वाचलं जातं. त्याचं कारण सांगते. बाबांचे डोळे गेले. काचबिंदू होता, आणि आम्ही मोतीबिंदू समजून तो पिकायची वाट बघत बसलो. आता मी शनिवारी शाळेतून येताना माणिकपूरच्या स्टॉलवरून तुमचं साप्ताहिक आणते आणि रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की त्यांना सदर वाचून दाखवते. मी खेळी सांगायची, त्यांनी बोटांनी चाचपत मोहरी हलवायची. तुम्ही हौशी लोकांचे डाव छापता, कुणी कुठे बेधडक मोहरा दिला आणि कुणी कुठे माती खाल्ली ते सांगता, हे त्यांना फार आवडतं. मोठ्या खेळाडूंचे डाव त्यांना पथ्याच्या जेवणासारखे वाटतात.

गेल्या रविवारी तुम्ही स्वतःचाच डाव छापलात. 'सदरलेखकाचा एक जुना डाव, विरुद्ध एक हौशी खेळाडू, वसई, १९७०.' पांढरी मोहरी तुमची.

दहाव्या खेळीला मी तीच ओळ दोनदा वाचली. बाबा म्हणाले, पाणी पी. मी पाणी प्यायले आणि पुढे वाचत राहिले. पांढऱ्याने घोडा दिला, मग हत्ती दिला, काळा राजा किल्लेकोटातून ओढून पटाच्या मधोमध आणला, मग वजीरही दिला आणि शेवटी प्याद्याने मात. शेवटच्या पाच खेळ्या तर मी कागदाकडे न बघता सांगितल्या. बाबांना ते कळायचं कारण नव्हतं.

हिलरी, पांढरी मोहरी माझी होती. काळा राजा तुमचा होता.

बरं, डाव नेलात तो नेलात. एकविसाव्या खेळीखाली तुम्ही लिहिलंय: 'येथे वजिराने सरळ मात होती. हल्ल्याच्या धुंदीत ती माझ्या ध्यानात आली नाही. होतकरू खेळाडूंनी या चुकीपासून बोध घ्यावा.' चोराने दागिना न्यायचा आणि वर सोनाराकडे जाऊन तो पितळेचा म्हणून मोडायचा, असला हा प्रकार आहे.

मला पुढच्या अंकात दुरुस्ती हवी. पांढरी मोहरी इझाबेल, काळी हिलरी. यापेक्षा एक अक्षर जास्त नको. तुमच्या लग्नाबद्दल, नोकरीबद्दल किंवा आणखी कशाबद्दल मला काही म्हणायचं नाही. बाबांनी तो डाव ऐकून काय म्हटलं, तेही मी तुम्हाला सांगणार नाही.

हे लिहिताना बाहेर पोरं फटाके लावताहेत. काल क्रिकेटचा विश्वचषक जिंकला म्हणे आपण. जिंकलेल्याचं नाव निदान सगळ्यांना ठाऊक आहे.

इझाबेल


पाचूबंदर
१० जुलै १९८३

हिलरी,

पत्र मिळालं. तुम्ही मला 'प्रिय भगिनी' लिहिलंत, त्यावर मी आणि माझी भावजय बेटी बराच वेळ हसलो. तेव्हा आता हे 'तुम्ही' पुरे. मी तू म्हणते, तुला काय म्हणायचं ते तू बघ.

तू लिहितोस, 'इतक्या वर्षांनी कोणती मोहरी कुणाकडे होती हे कोण सांगणार? आणि शेवटी नावात काय आहे, डाव महत्त्वाचा.' नावाला महत्त्व नव्हतं तर तुझं कशाला घातलंस?

आठवण पुसट झाली असेल तर मी उजळून देते. ऑगस्ट महिना होता. होड्या अजून वर ओढलेल्या होत्या. बाबा आणि माझा भाऊ मायकल होडीला डांबर लावायला बंदरावर गेले होते. तू माणिकपूरहून सायकलवर आलास, हातात लग्नाची पत्रिका. मटिल्डाचं नाव मी पहिल्यांदा त्या पत्रिकेवर वाचलं. तुझ्या आईने आमच्याकडे कधी शब्द टाकला नव्हता, त्यामुळे माझं काही मोडलं असं मला म्हणता येत नाही. तुमच्या घरी आमचे मासे चालायचे. मासेवाल्यांची मुलगी चालणार नव्हती, हे मला आधीच कळायला हवं होतं. असो. हे या पत्रात आणायचं नव्हतं.

तू म्हणालास, तांडेल येईपर्यंत एक डाव टाकू. बाबांसमोर मी कधी पटाला बसले नाही, हे तुला ठाऊक होतं. आमच्या बंदरावर समजूतच आहे की बाई पटाला बसली की पहिल्या फेरीला होडी रिकामी परत येते. मायकलला बाबांनी बारा महिने कान पिळून पिळून शिकवलं आणि त्या बापड्याला घोड्याची अडीच घरं कधी मोजता आली नाहीत. मी अंगणात बोंबील वाळत घालता घालता शिकले. मागून ऐकायचं, लांबून बघायचं. खेळायला मिळायचं ते फक्त तुझ्याशी, तेही घरात कुणी नसताना. तू हरलास की म्हणायचास, उजेड कमी होता.

त्या दिवशी उजेड भरपूर होता. एकविसाव्या खेळीची वजिराची मात मला दिसली होती, हिलरी. ती आंधळ्यालाही दिसली असती, आणि हे मी आंधळ्या माणसाच्या शेजारी बसून लिहिते आहे. पण तुला बंदराची रीत माहीत आहे. पावसाळ्याच्या बंद दिवसांत आमची माणसं जाळी विणून झाली की पट मांडतात. तिथे वजिराने मात दिली तर कुणी मान वर करून बघत नाही. प्याद्याने दिली तर ती मात. ज्याला प्यादेमात बसते त्याने तोंडातून अवाक्षर न काढता सगळी मोहरी गोळा करून डब्यात भरायची, चपला घालायच्या आणि घर गाठायचं. त्या पावसाळ्यात पुन्हा त्या माणसासमोर बसायचं नाही.

मला तुला तशी मात द्यायची होती. म्हणून मी वजिराची मात सोडली आणि वजीर तुझ्या राजाच्या तोंडाशी नेऊन ठेवला. तू तो घेतला नसतास, राजा नुसता एक घर बाजूला सरकवला असतास, तर माझाच डाव मोडला असता. बेटी परवा म्हणाली, एवढा धोका कशाला पत्करला? धोका कसला आला आहे? फुकट मिळालेलं काही सोडणं तुला जन्मात जमलेलं नाही. तू वजीर उचललास आणि दोन खेळ्यांत माझं प्यादं पुढे आलं.

मग तू मोहरी भरलीस. एकही शब्द न बोलता, रीतीप्रमाणे. चपला घातल्यास, सायकलपर्यंत गेलास आणि परत आलास. म्हणालास, "सुरुवातीपासून पुन्हा सांग." मी सांगितलं आणि तू पत्रिकेच्या पाकिटावर सगळं उतरवून घेतलंस. मला वेडीला वाटलं, आठवण म्हणून नेतोयस.

आता सांगते बाबा काय म्हणाले. सांगणार नव्हते, पण तुझं पत्र वाचून राग आला. शेवटचं प्यादं त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे सरकवलं आणि बोट त्याच्यावरच ठेवलं. मग मला म्हणाले, "ती चूक काय लिवलीय ती पुन्ना वाच." मी वाचली. तर हसले. "चूक कसली? लाजून लिवलंय पोरानं. वजिराची मात सोडली नि प्याद्यानं दिली. आपल्या बंदराची रीत ठेवली. माज्या वट्यावर शिकला तो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दिसत नसलेल्या डोळ्यांना पाणी येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, बाबा, तो डाव माझा आहे. पांढरी मोहरी माझी होती. ते म्हणाले, "तुजा कसा होईल, बाय? छापून आलाय त्याच्या नावानं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोर काहीतरी बोललं तर फिरवतात तसा. मी म्हटलं, मांडा पट, आत्ता खेळून दाखवते. तर म्हणाले, सोड गो, मायकलची होडी जायचीय समुद्रात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मायकलला हात धरून बंदरावर न्यायला लावलं आणि तिथे बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलं की, माझ्या हिलरीने प्यादेमात दिली, पेपरात आलीय. 'माझ्या' हिलरीने. बाबांनी उभ्या आयुष्यात माझ्या कुठल्या गोष्टीचं एवढं कौतुक केलं नाही. मी शिक्षिका झाले तेव्हा म्हणाले, बरं झालं, पावसात भिजायला नको.

म्हणून दुरुस्ती हवी. जगासाठी नको. तुझे वाचक अलिबागचे असोत की अमरावतीचे, त्यांनी मला ओळखून काय करायचं? एका माणसाला कळायला हवं, आणि तो माणूस लेकीपेक्षा छापलेल्या कागदावर विश्वास ठेवतो. त्याचं वय झालं आहे. पुढच्या पावसाळ्याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत.

इझाबेल


पाचूबंदर
३१ जुलै १९८३

हिलरी,

कार्ड मिळालं. दोनच ओळी आहेत, पण मी त्या शाळेत मधल्या सुट्टीत इतक्यांदा वाचल्या की सोबतच्या बाईंनी विचारलं, कुणाचं लग्न ठरलं का? 'तुझं नाव राहून गेलं हे खरं. पुढच्या अंकांत कुठेतरी नक्की देतो, मग तर झालं ना समाधान?'

झालं. शेवटी माणूस अगदीच वाया गेलेला नाही, असं मी बेटीला म्हटलं. ती सुक्या बोंबलाचं डोकं मोडत होती. म्हणाली, "छापून येऊ दे, मंग बोल." ती माझ्यापेक्षा वयाने लहान आहे आणि सहावीतून शाळा सोडली आहे, पण माणसांच्या बाबतीत माझ्याइतकी सहज फसत नाही.

मागच्या पत्रात मी जरा जास्तच लिहिलं. आंधळ्याचं आणि फुकट मिळालेल्याचं वगैरे. ते मनात ठेवू नकोस. खरं सांगायचं तर तू वाईट खेळत नव्हतास. त्या दिवशीसुद्धा सतराव्या खेळीपर्यंत तुझी बाजू बरी होती. मटिल्डा कशी आहे, हे मी विचारते आहे असं समज.

दर रविवारी आमच्याकडे आता वेगळंच चालतं. मी अंक उघडते, सदरावर आधी डोळे फिरवत नाही, पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला लागते. हे मी ठरवून करते. त्याचं कारण बेटी आहे. दोन आठवड्यांपूर्वी ती मला मोरीजवळ गाठून हळूच म्हणाली, "तुमीच वाचता ना त्यांना? मंग वाचून टाका की. हिलरीनं लिवलंय, तो डाव इझाबेलचा. त्यांना काय कागद दिसतोय?"

तिचं बरोबर होतं. चार वाक्यं बनवायला मला चार मिनिटंही लागली नसती, निबंध तपासण्यात जन्म गेला. एका रविवारी तर वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. बाबा समोर पट मांडून बसलेले, मान थोडी वाकडी करून, कान माझ्याकडे. मी 'दुरुस्ती' एवढा एकच शब्द उच्चारला आणि पुढे अलिबागच्या कुणा पोस्टमास्तरांचा डाव वाचायला लागले. बाबांनी विचारलं, कसली दुरुस्ती? मी म्हटलं, छपाईची, एका जागी घोड्याऐवजी उंट पडलाय.

मला ते खोट्याने नको आहे. मी जिंकले होते, हिलरी. खरोखरच्या पटावर, खरोखरच्या माणसाला. त्यासाठी बापाला फसवायचं म्हणजे स्वतःच्या घरात स्वतः चोरी करायची. आणि आता तूच छापणार म्हटल्यावर त्याची गरजही नाही. तू छाप, मी शब्द न बदलता वाचीन, आणि बाबांना जे काय म्हणायचं ते म्हणू देत. 'बाई पटाला बसली म्हणून होडी रिकामी आली' म्हणून रागावले तरी चालतील. त्या वर्षी होडी भरून आली होती, हे मी त्यांना सांगेन.

नारळी पौर्णिमेला होड्या उतरतील. मग बंदरावरचे पट उचलले जातील, म्हाताऱ्यांची पांगापांग होईल. त्याआधी आलं तर बाबांना त्यांच्यासमोर सांगता येईल. घाई करते असं समजू नकोस. करतेच आहे म्हणा.

आभार.

इझाबेल


पाचूबंदर
१६ ऑगस्ट १९८३

हिलरी,

तुझी दुरुस्ती परवा वाचली. तुला पाठ असेलच, तरी इथे उतरवते, म्हणजे मी काय वाचलं याबद्दल पुन्हा तेरा वर्षांनी वाद नको.

'जूनमध्ये दिलेल्या सदरलेखकाच्या डावात प्रतिस्पर्ध्याचे नाव अनवधानाने राहून गेले. काळी मोहरी पाचूबंदर, वसई येथील शिक्षिका कु. इझाबेल घोन्सालविस यांनी चालवली होती. फुकट मिळणाऱ्या वजिराचा मोह न आवरल्याने त्यांचा पराभव झाला, तरी त्यांची झुंज कौतुकास्पद होती.'

मी ठरवल्याप्रमाणे आधी डोळे फिरवले नव्हते. पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचत गेले. माझं नाव आलं तेव्हा मी थांबले सुद्धा, बाबांना ते नीट ऐकू जावं म्हणून. मग पुढचं वाक्य वाचलं. तोपर्यंत मागे फिरायची सोय राहिली नव्हती.

तू शब्द पाळलास. नाव देतो म्हणाला होतास, दिलंस. तुझा हावरेपणा माझ्या पदरात बांधलास आणि वर कौतुकही केलंस. अशी सफाई तुला पटावर दाखवता आली असती तर तू मोठा खेळाडू झाला असतास.

बाबांनी हातातलं प्यादं खाली ठेवलं. मला वाटलं, आता रागावतील, पटाला शिवलीस म्हणून. ते म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. म्हणाले, "घोन्सालविस बरोबर छापलंय?" मी म्हटलं, हो. "नि पाचूबंदर लिवलंय?" मी म्हटलं, लिहिलंय.

मग त्यांनी विचारलं, "तू हिलरीसंगती खेललीस? खरीखरी?" मी हो म्हटलं. "एकवीस खेल्या टिकलीस?" तेवीस, मी म्हटलं. तेवढं तरी खरं सांगता आलं.

हिलरी, तो म्हातारा हसला. तोंडभर. म्हणाला, "मला बोलली नाय कदी." मी त्यांना सांगितलं होतं ना रे, तुला लिहिलं तसं, जूनमध्येच सांगितलं होतं. पण मी जिंकले म्हणून सांगितलं होतं, ते त्यांच्या कानावरून गेलं. हरले म्हणून छापून आलं, ते लगेच पटलं.

त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. पटाच्या पलीकडे, त्यांच्या समोर. पस्तिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, बाबा, मायकलची होडी? ते म्हणाले, "मायकलला सांगू नको." मग तोच डाव मांडायला लावला. पांढरी त्यांनी घेतली, हिलरीची म्हणून. काळी मला दिली.

सगळा डाव आम्ही खेळलो. माझ्या प्रत्येक खेळीवर त्यांचा चरबरीत हात माझ्या हातावर यायचा, मी मोहरा कुठे ठेवला ते बघायला. घोडा दिला तिथे म्हणाले, "हितं घाबरली तू." हत्ती दिला तिथे म्हणाले, "हितंपन." मी घाबरले नव्हते, तू घाबरला होतास, पण मी मान हलवली आणि मग त्यांना मान दिसत नाही हे लक्षात येऊन हो म्हटलं. एकविसाव्या खेळीला त्यांनी पांढरा वजीर माझ्या राजाच्या तोंडाशी आणून ठेवला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"आता ऐक, बाय. हितं वजीर घ्यायचा नाय. फुकटचं दिसलं की आदी हात आखडायचा. राजा बाजूला घे. बग, वाचली का नाय?"

वाचले, मी म्हटलं.

मला आयुष्यभर हेच हवं होतं. त्यांनी मला समोर बसवावं, हात धरून शिकवावं. बोंबील टांगता टांगता मी हेच मागत होते. ते मला मिळालं, आणि काय शिकवलं? माझ्याच सापळ्यातून कसं सुटायचं ते. मी बावीस वर्षांची असताना जो सापळा डोक्यात रचत होते, त्यातून. मी रडले. त्यांना वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं. म्हणाले, "रडू नको. हिलरीसमोर कोनपन हरलं असतं."

काल मरियेचा सण होता. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बाबांनी भेटेल त्याला थांबवून सांगितलं की, आमच्या इझाबेलचं नाव पेपरात आलंय, बुद्धिबळात, थेट हिलरीशी झुंजली. फादरांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बंदरावरचा एक म्हातारा म्हणाला, पोरीच्या जातीला हरणं शोभतं, पण तेवीस खेळ्या म्हणजे गंमत नाही. बाबा त्यालाही हसून हो म्हणाले. बेटी माझ्या शेजारी उभी होती. तिने फक्त माझा दंड धरून ठेवला.

घरी आल्यावर बाबांनी पुन्हा पट मांडायला लावला. आता दुपारी मायकल झोपला की रोज एक डाव होईल म्हणतात. काल नवा डाव खेळलो, मी हरले. मुद्दाम हरले की खरंच, ते तुला सांगणार नाही. तुझ्या हातात माझं आणखी काही द्यायची माझी तयारी नाही.

तू उत्तर लिहायला बसला असशील तर थांब. तू घाबरट आहेस, पण अगदीच निर्लज्ज नाहीस. एखाद्या दिवशी तुला झोप लागणार नाही आणि खरी दुरुस्ती छापावीशी वाटेल. पांढरी इझाबेल, काळी हिलरी. जूनमध्ये मी तेवढंच मागितलं होतं.

ती आता छापू नकोस. हात जोडून सांगते. छापलीस तर मला ती मोठ्याने वाचावी लागेल, खोटं मी वाचत नाही, आणि मग बाबांना कळेल की त्यांच्या हिलरीने त्यांच्या ओट्यावर काय चोरलं. तेही सोसतील कदाचित. पण लेक जिंकली होती हे कळल्यावर ते मला शिकवणं बंद करतील. जिंकणाऱ्याला कोण शिकवतं? आणि मायकलची होडी त्यांना पुन्हा आठवेल.

बाबा असेपर्यंत मी हरलेलीच बरी. ते गेल्यावर तुला वाटलं तर छाप. तेव्हा मात्र ती मी कुणाला वाचून दाखवू, हेही सोबत लिहून कळव.

इझाबेल